दहांचा नाईक



इतिहासाच्या पुस्तकांत सुप्याचे नाव दोन वेळा ठळकपणे येते. एकदा १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्याच्या निमित्ताने; आणि त्याच्या सुमारे सव्वादोनशे वर्षे आधी, शिमग्याच्या एका गोष्टीत. ही दुसरी गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. सुप्याचा अंमल संभाजी मोहिते यांच्याकडे होता. ते तुकाबाईसाहेबांचे बंधू, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा. कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो की, महाराज शिमग्याची पोस्त मागण्याच्या निमित्ताने मामांच्या भेटीस आले, मामांना कैद केले आणि सुपे महाल ताब्यात घेतला. त्या वेळी जे हाती लागले, त्यात द्रव्य आणि कापडचोपड होतेच. पण त्याबरोबर पागेचे तीनशे घोडेही होते.

ही गोष्ट आपण सांगतो ती बहुधा मामा-भाच्याच्या नात्यासाठी, किंवा युक्तीचे कौतुक म्हणून. आज मला तिच्यातले तीनशे घोडे तेवढे उचलून घ्यावयाचे आहेत. तीनशे घोडे आणि तीनशे स्वार एका माळावर उभे केले, म्हणजे सैन्य झाले काय? जत्रेत याहून अधिक माणसे जमतात. बैलबाजारात याहून अधिक जनावरे उभी असतात. मग बाजार आणि फौज यांत फरक तो कोणता? शस्त्रांचा म्हणावा, तर शस्त्रे दरोडेखोरांच्या टोळीजवळही असतात. फरक आहे तो वाटणीचा. फौजेतल्या प्रत्येक माणसाला आपल्या अगदी जवळचा वरिष्ठ कोण हे ठाऊक असते, आणि प्रत्येक वरिष्ठाला आपली माणसे तोंडाने व नावाने ठाऊक असतात. सैन्यातील लहान तुकडी हा विषय वाटतो तितका रूक्ष नाही, तो याच कारणामुळे.

प्रथम आपल्या घरचीच व्यवस्था पाहू. सभासदाने ती बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली आणि तीत फौजेची उतरंड नीट नोंदवून ठेवली. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. पायदळात एकक याहून लहान. नऊ पाइकांवर एक नाईक, म्हणजे नाईक धरून दहा. पाच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. पायदळाचे सरनोबत येसाजी कंक यांचे नाव आपणा सर्वांस परिचयाचे आहे.

आता येथे थोडा हिशेब करून पाहा. पंचविसांचे पाच गट म्हणजे सव्वाशे, आणि त्याचे दहापट म्हणजे साडेबाराशे. नाव मात्र हजारी! यात गफलत काही नाही. पदाचे नाव ढोबळ असते, माणसांची मोजणी खालून होते. रोमन सैन्यातही नेमका असाच प्रकार दिसतो, पण उलट्या बाजूने. तेथील सेंच्युरी या तुकडीच्या नावात शंभर आहेत, प्रत्यक्षात मात्र ती ऐंशी माणसांची असे. कारण आठ माणसांचा एक तंबू आणि असे दहा तंबू, ही तेथली मोजणी. हजारी आणि सेंच्युरी ही वरची नावे होत. खरी बांधणी पंचवीस स्वारांची आणि आठ तंबूवाल्यांची.

सभासदाच्या नोंदीतला आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी वाहणारा एक आणि नाल ठोकणारा एक. हा मुलूख भीमथडीचा. येथल्या तट्टांची ख्याती आपण जाणताच. तट्टू कितीही काटक असले, तरी त्याला पाणी लागते, आणि त्याच्या खुराचा नाल डोंगरवाटेने झिजतोच. एका पखालीने किती जनावरांची तहान भागेल, एका नालबंदाच्या हातून किती खूर संभाळले जातील, या साध्या प्रश्नांचा पंचवीस या आकड्याशी निकटचा संबंध असला पाहिजे, असे मला वाटते. लहान तुकडीचा आकार कागदावर ठरत नाही. तो ठरतो पाण्यावर, नालावर आणि ओझ्यावर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे रणगाड्यांच्या काळातही ती आपल्याला भेटणार आहे.

तलवारीबरोबर लेखणीही होती. जुमलेदार आणि हजारी यांच्या जोडीला हिशेब ठेवणारे मजमुदार व सबनीस असत. घोडदळातील जुमलेदारास वर्षाला पाचशे होन आणि हजारीस एक हजार. पायदळात जुमलेदारास शंभर आणि हजारीस पाचशे. वेतन रोख असल्यामुळे माणूस सरदाराच्या मर्जीवर न राहता पदाशी बांधला गेला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पायदळाच्या सर्वांत खालच्या पायरीवर दहाच का? चार का नाहीत, चाळीस का नाहीत?

हा दहांचा आकडा आपल्याकडे फार जुना आहे. महाभारतातील अक्षौहिणीची सुरुवात ‘पत्ती’पासून होते. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. बेरीज करा, दहा येतात. तीन पत्ती मिळून एक सेनामुख, तीन सेनामुखांचे एक गुल्म, आणि अशीच तिपटीने शिडी चढत चढत अनीकिनीपर्यंत जावयाचे. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात दहांचीच गणना धरली आहे. दहा अंगांवर पदिक, दहा पदिकांवर सेनापती, दहा सेनापतींवर नायक. बाहेर पाहिले, तर चंगीझखानाची मोंगल फौज दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशी दशमान पद्धतीने रचलेली होती. अकबराच्या मनसबदारीची सर्वांत खालची पायरीही दहांचीच. रोमनांचे आठ, मराठ्यांचे दहा, मोंगोलियातले दहा. या सर्वांनी एकमेकांचे पाहून हे केले असेल असे मानण्याचे कारण नाही. माणसाचा देह जेथे तेथे सारखाच आहे, हे त्याचे खरे उत्तर.

त्या देहाच्या मर्यादा तीन. पहिली आवाजाची. लढाईच्या गदारोळात एका माणसाची हाक किती जणांच्या कानांवर जाईल? दुसरी नजरेची. झाडाझुडपांतून, ओघळीतून पसरलेली किती माणसे एका दृष्टिक्षेपात दिसतील? तिसरी चुलीची. एका चुलीवर शिजवून, एका राहुटीत झोपून किती माणसे एकमेकांना पूर्णपणे ओळखू शकतील? तिन्हींचे उत्तर आठ ते बारा यांच्या आसपास येते. याहून माणसे अधिक झाली, तर शेवटचा माणूस नायकाच्या नजरेआड होतो. याहून फार कमी झाली, तर दोन जखमी होताच तुकडी संपते.

आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलखातून दरवर्षी तुकोबारायांची पालखी जाते. एवढा मोठा समुदाय मैलोगणती चालतो, मुक्कामाला थांबतो, पुन्हा पहाटे उठून चालू लागतो. आणि तरी माणूस हरवत नाही. का? वारकरी हा समुदायाबरोबर चालत नाही, तो आपल्या दिंडीबरोबर चालतो. दिंडी त्याला ओळखते आणि दिंडीतही त्याचे चार-दोन गाववाले त्याला ओळखतात. फौजेचे मर्म याहून वेगळे नाही.

दहांखेरीज दुसराही एक आकडा या विषयात वारंवार भेटतो, तो तिनाचा. दहा माणसे थेट संभाळता येतात. पण दहा तुकड्या संभाळणे कठीण. तुकड्या लढू लागल्या, म्हणजे त्यांच्या नायकांशी बोलून निर्णय घ्यावे लागतात, आणि एका वेळी तीन-चार जणांशीच असे बोलणे होऊ शकते. म्हणून व्यासांच्या अक्षौहिणीप्रमाणेच आजची पायदळाची शिडीही बहुतांशी तिपटीने चढते. भारतीय भूसेनेत पायदळाची सर्वांत लहान नेहमीची तुकडी म्हणजे सेक्शन. ती दहा माणसांची असते आणि तिचा प्रमुख नाईक किंवा हवालदार. तीन सेक्शनांची एक प्लाटून, सुमारे पस्तीस माणसांची. तिच्यावर सुभेदार किंवा नायब सुभेदार. तीन प्लाटूनींची कंपनी, सव्वाशेच्या आसपास, तिच्यावर मेजर. अशा चार कंपन्या आणि त्यांना साह्य करणारी पथके मिळून सुमारे आठशेंची बटालियन, तिच्यावर कर्नल. आपण मराठीत ‘पलटण’ म्हणतो ती ही बटालियन. इंग्रजी प्लाटूनशी तिची गल्लत करू नये; वर्तमानपत्रे वाचताना हा घोटाळा फार होतो.

नावांची ही सरमिसळ मोठी मनोरंजक आहे. कौटिल्याचा नायक सेनापतींच्याही वर बसतो. शिवकाळात तो उतरून दहांचा नाईक झाला, आणि आजही तो दहांपाशीच आहे. ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. शिवकाळात हा शब्द किल्ल्याच्या मुख्य अधिकाऱ्यालाही लागे; आज तो सेक्शनपाशी येऊन थांबला आहे. सुभेदार तर एकेकाळी अख्ख्या सुभ्याचा कारभारी होता. आज तो तीस-पस्तीस जवानांचा वडीलधारा आहे. जमादार हे पद १९६५ साली जाऊन त्याचे नायब सुभेदार झाले. कंपनी सरकारने आपले जुने शब्द उचलले आणि त्यांना खालच्या पायऱ्यांवर बसविले, कारण वरच्या पायऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. शब्द उतरले, पण ज्या पायरीवर माणसाचा माणसाशी संबंध येतो, तेथे ते टिकून राहिले. यात एक प्रकारचा न्यायही आहे असे म्हणता येईल.

निरनिराळ्या देशांत हा आकडा थोडा मागेपुढे सरकतो, आणि तो का सरकतो हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पद्धतीची सेक्शन दहांची होती. तिचे दोन भाग असत. तीन माणसे ब्रेन या हलक्या मशीनगनीपाशी, आणि सात रायफलवाली. ब्रेनने शत्रूला मान वर करू द्यावयाची नाही आणि तेवढ्यात सातांनी पुढे सरकावयाचे. जर्मनांची तुकडीही सुमारे दहांची. पण तिचा प्राण मशीनगन हाच होता, बाकीची माणसे तिला गोळ्या पुरविण्यासाठी आणि तिचे रक्षण करण्यासाठी. अमेरिकन भूसेनेने त्या युद्धात बारा माणसे ठेविली. पुढे तिने नऊ केली: एक प्रमुख आणि चार-चारांच्या दोन जोड-तुकड्या. त्यांच्याच मरीन दलाने १९४४ साली तेरांची रचना स्वीकारली. एक प्रमुख आणि चार-चारांचे तीन गट. येथे पुन्हा तीन आलेच. ब्रिटिश सेना पुढे आठांवर आली. कोरियाच्या युद्धात चिनी सैन्याने तुकडी आणखी चिरून तीन-तीन माणसांचे गट पाडले. त्यांच्याजवळ बिनतारी यंत्रे थोडी. तेव्हा हाकेच्या अंतरावरील तिघे हाच त्यांचा आधार.

पखालजी-नालबंदांची गोष्ट ध्यानात ठेवण्यास मी सांगितले होते. आज पायदळाचा काही भाग चिलखती गाडीतून लढतो. आपल्याकडे अशा पायदळाची स्वतंत्र रेजिमेंट १९७९ साली उभी राहिली. ते वापरीत असलेल्या बीएमपी-२ या गाडीत तिघे गाडी आणि तोफ चालविणारे, व मागे सात सैनिक बसतात. तीन आणि सात मिळून दहा! येथे तुकडीचा आकार गाडीच्या पोटाने ठरविला, जसा पूर्वी तो पखालीच्या पाण्याने ठरला असावा.

तोफखान्यात माणसांऐवजी तोफ हे एकक. एका तोफेभोवती तिची माणसे, सहा तोफांची एक बॅटरी, तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट. आरमारात गडी निरनिराळ्या पाळ्यांत आणि विभागांत वाटलेले असतात. प्रत्येक विभागाचा एक अधिकारी खलाशांच्या कामाबरोबर त्यांच्या घरच्या अडचणींचीही वास्तपुस्त करतो, कारण जहाजावरून गावी जाऊन येणे शक्य नसते.

विमानदलात तर लहान तुकडीचा प्रश्न अक्षरशः जीवनमरणाचा ठरला. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश लढाऊ विमाने तीन-तीनांच्या बाणाकृती रांगांत उडत. ते दिसावयास सुरेख. पण मागच्या दोघांचे सारे लक्ष पुढच्याशी अंतर राखण्यात जाई आणि शत्रू पाठीवर आला तरी दिसत नसे. जर्मन वैमानिक स्पेनमधील युद्धापासून जोडीने उडावयास शिकले होते. एकाने वार करावा, दुसऱ्याने त्याची पाठ राखावी. आणि अशा दोन जोड्या मिळून चौघे. अनेक वैमानिक गमावल्यावर इंग्रजांनीही चौघांची पद्धत उचलली. जमिनीवर आणि जमिनीपासून पाच मैल उंचावर तत्त्व एकच: आपल्या पाठीशी कोण आहे हे माणसाला ठाऊक हवे.

आता कोणी विचारील, एवढे सारे जुळवून लहान तुकडी चांगली बांधली, तर लढाई जिंकता येते काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे, आणि ते सुखद नाही. महादजी शिंद्यांनी द बॉइनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ होते. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा त्या पलटणींचे बहुतेक युरोपियन अधिकारी सोडून गेले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला लासवारी येथे जनरल लेकने या निर्नायकी पलटणींवर हल्ला केला. त्या पळाल्या नाहीत. गोलंदाज तोफांपाशी संगिनीचे वार झेलून पडले. खुद्द लेकने लिहून ठेविले की, यांना नेतृत्व करणारे फ्रेंच अधिकारी असते, तर निकालाविषयी शंकाच होती. लहान तुकड्यांनी आपले काम चोख केले. त्यांना एकत्र वळविणारी वरची पायरी तेवढी रिकामी होती. भाडोत्री माथा आणि इमानी पाय, असा तो प्रकार झाला. खालची पायरी भक्कम असेल तर सैन्य अब्रूने लढते. जिंकावयाचे तर शिडी वरपर्यंत आपली असावी लागते.

आणि शेवटी त्याच दहांच्या पायरीवरील एका माणसाची हकीकत सांगतो. आताच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे. तेथील यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चाल करून गेली. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. पाहता पाहता सेक्शनमधील प्रत्येक माणूस ठार किंवा जखमी झाला. उरला फक्त नाईक. मशीनगनीने त्याचे दहांचे कुटुंब पुसून टाकले होते. हुकूम द्यावयास समोर कोणी राहिले नव्हते. तो एकटाच त्या मशीनगनीवर धावला. हातबॉम्ब फेकून त्याने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि गोळ्यांचा साठा बदलण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. त्याच जागी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. त्याचे वय बावीस वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला.

ते युद्ध कोणाचे होते, परक्या सरकारसाठी आपल्या मुलांनी का मरावे, हे प्रश्न त्या वेळीही होते आणि ते खोटे नव्हते. पण घाडगे धावला तो साम्राज्याचा विचार करून धावला, असे मला वाटत नाही. आपले नऊ जण जेथे पडले, त्या जागेवरून तो धावला. सभासदाने ज्या नाइकाची नोंद केली, त्याच पदाचा आणि जवळजवळ त्याच संख्येचा तो धनी होता. साम्राज्ये बदलतात, पगार होनांवरून रुपयांवर येतो, भाल्याची जागा मशीनगन घेते. पण दहांचा नाईक आणि त्याच्या भोवतालचे नऊ यांच्यातील धागा तोच राहतो.

म्हणून वर्तमानपत्रात एवढ्या डिव्हिजन, एवढ्या ब्रिगेड अशी मोजणी वाचाल, तेव्हा एक करा. त्या मोठ्या आकड्याला खालपर्यंत भागत आणा; दहांपर्यंत आलात की थांबा. तेथे माणसांना चेहरे आणि गावे असतात, आणि तेथेच युद्धाची खरी किंमत चुकती होते. या सभेत एखादा निवृत्त नाईक किंवा हवालदार बसला असेल, तर बाहेर पडताना त्याला त्याच्या सेक्शनमधील नावे विचारून पाहा. पलटणीचे सगळे अधिकारी त्याला आठवतील न आठवतील. ती नऊ नावे मात्र तो न अडखळता सांगेल.